सहदेवी तेल

खोपोली सोडली की घाट लागण्याआधी गौराबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. चार बांबू, वर गवताचं छप्पर आणि दोन बाकडी. पण बोरघाट चढणारी असो की उतरलेली, गाडी तिथं थांबल्याशिवाय जात नसे. चढणारीला पाणी भरायचं असे, उतरलेलीला निवायचं असे. आणि गाडी निवेपर्यंत ड्रायव्हर काय करणार? दुसऱ्याला सल्ले देणार. रेडिएटर गळतोय? मूठभर हळद टाक. पट्टा करकरतोय? साबण फिरव. पेट्रोल वर चढत नाही? पंपाला ओलं फडकं गुंडाळ. यातलं काही खरं असे, काही निव्वळ बाता; पण ज्याचा आवाज मोठा त्याचा सल्ला मोठा, एवढाच तिथला कायदा. बरं, पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, ते सपाटीला ठीक. घाटात पुढचा दरीत गेला तर मागच्याला कळायचं कसं? ज्याला उपाय लागू पडला तोच परत चहाला यायचा आणि आणखी दहा जणांना सांगायचा.

सहदेव त्या बाकड्यावर एकवीस वर्षं बसत होता. वय अठ्ठावन्न, टॅक्सी जुनी आणि कंबर तिच्याहून जुनी. हल्ली या गप्पांचा त्याला शीण यायचा. पण शीण म्हणून उठून जावं, तर जाणार कुठं? म्हणून तो बशीतला चहा फुंकत बसायचा आणि मान हलवायचा. मान हलवणं हे फार वाईट. माणूस हो म्हणत नाही, पण समोरच्याला ते हो असंच दिसतं.

त्यातून एक उपाय खुद्द त्याच्याच नावाचा होता. सहदेवी तेल.

त्याचं मूळ अगदी साधं. दहा वर्षांपूर्वी, सत्तावन्न साली, पळसदरीजवळ त्याच्या टॅक्सीचं ब्रेकचं तेल गळून गेलं. पाय दाबला की ब्रेकचा पायटा थेट तळाला. जवळ होती धाकट्या पोराच्या पोटासाठी घेतलेली एरंडेलाची बाटली. ती त्यानं ब्रेकच्या टाकीत ओतली आणि पहिल्या गेरमध्ये, एक हात हातब्रेकवर ठेवून, बैलगाडीच्या चालीनं कर्जत गाठलं. रस्ता सपाट, गाडीत दुसरं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेक खोलून धुतले, रबरं नवी घातली. झालं. ही गोष्ट त्यानं गौराबाईकडे हसत हसत सांगितली, ती खालापूरच्या गजानं ऐकली आणि गजाच्या तोंडात तीळ भिजत नसे. महिन्याभरात पळसदरीचा बोरघाट झाला. वर्षभरात एरंडेलाचं 'कुठलंही तेल' झालं. एका दिवसाचं 'आजतागायत' झालं. राईचा पर्वत होताना सहदेवाला दिसत होता, पण लोणावळ्याचा कुणी अनोळखी ड्रायव्हर येऊन 'तुमीच का ते सहदेवदादा?' असं विचारायचा आणि आग्रहानं चहा पाजायचा. खरं सांगायचं तर ते सहदेवाला आवडायचं. दिवसभर मालकांच्या आणि पॅसेंजरांच्या शिव्या खाणाऱ्या माणसाला कुणी नावानं ओळखलं तर का आवडू नये? म्हणून तो मान हलवत राहिला.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दुपारी कर्जतचे विष्णुपंत वकील आपली गाडी घेऊन आले. गाडी दुसऱ्या हातची, पण वकिलांना तिचं कौतुक मुलीच्या खालोखाल. मुलगी चारुलता पुण्याला दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. सोमवारी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं, तेही स्वतःच्या गाडीतून, घाट उतरून.

"सहदेवराव, तुमचा आशीर्वाद पाहिजे," बाकड्यावर बसत वकील म्हणाले. "ब्रेकचं तेल कमी झालं होतं. गावात कुठं मिळेना. मग केला सहदेवी उपाय. इंजिनाचंच ऑइल घातलं भरून. चार दिवस झाले, पायटा कसा दगडासारखा लागतोय!"

सहदेवानं हातातली बशी खाली ठेवली. "इंजिनाचं ऑइल?"

"हो. गजानं सांगितलं."

"अरं वकीलसायेब, आख्खा घाट वापरतो," गजा मधेच म्हणाला. "दादाचंच देणं हाय ते."

"काढा ते," सहदेव म्हणाला. "आत्ता काढा. पोरीला त्या गाडीत बसवू नका."

सगळे हसले. गजा तर फारच हसला. "बगा, मोठा मानूस कधी आपल्या तोंडानं सांगायचा नाय. कसा लाजतोय!"

विष्णुपंत मात्र हसले नाहीत. त्यांना आपण गाढव ठरतोय की काय याचा राग आला. "सहदेवराव, मी काही आंधळेपणानं केलेलं नाही. चार जणांना वेगवेगळं विचारलं. चारही साक्षी एक."

"मग त्या साक्षी तपासा की," सहदेव म्हणाला. "तुमचा धंदा हाय तो. इचारा एकेकाला, सोताच्या गाडीत कुनी घातलंय."

वकिलांनी बाकड्यावरच कोर्ट भरवलं. गजानं घातलं होतं का? गजानं नव्हतं घातलं, त्याला गरजच पडली नव्हती. पण सख्यानं घातलं होतं. सखा पलीकडे टायरला हवा भरत होता. तो म्हणाला, मी कुठं घातलं, मला हिरूनं सांगितलं. हिरू म्हणाला, मला गजानं. चौथा साक्षीदार नेरळचा एक टेंपोवाला, त्यालाही गजानंच. वकिलांचा चेहरा उतरत गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची सांगोवांगी साक्ष उडवून लावणारा माणूस घरच्या गाडीच्या बाबतीत चार तोंडांना चार साक्षी समजून बसला होता.

"आणि गजा, तुला कुणी सांगितलं?"

"दादानं," गजा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मग सहदेवाला सांगावंच लागलं. पळसदरी सांगितली. एरंडेल सांगितलं. पोराचं पोट, सपाट रस्ता, पहिला गेर, दुसऱ्या दिवशी धुतलेले ब्रेक, सगळं सांगितलं. सांगताना आपण लहान लहान होत चाललोय असं त्याला वाटत होतं, आणि दहा वर्षं फुकट प्यालेले चहा घशाशी येत होते. "इंजिनाच्या ऑइलानं आतली रबरं फुगतात. पयले चार-आठ दिवस पायटा टणक लागतो, मानूस खूश होतो. मंग रबर कुजतं, आनि उतारावर तापलं की जातं. हे मला ठाऊक हुतं. मी बोललो नाय."

"कुनाचं वाईट झालं आसतं तर कुनी सांगितलं आसतं की नाय?" गजा पुटपुटला. "इतक्या वर्सांत एक तरी तक्रार आली का?"

"आमच्यांनी घातलं हुतं," जनी म्हणाली.

जनी मागे बादलीशी कपबश्या विसळत होती. पोशीरच्या नामाची ती बायको. दोन वर्षांपूर्वी श्रावणात नामाचा कांद्याचा ट्रक घाटातून खाली गेला आणि नामा त्यात गेला. ती तेव्हापासून खोपोलीला भावाकडे राहत होती आणि गौराबाईच्या हाताखाली राबत होती. ती कधी ड्रायव्हरांच्या बोलण्यात पडत नसे.

"ट्रक पडला त्याच्या आठ दिस आदी," ती म्हणाली. "इंजिनातलं काळं तेल डब्यात काडलं आनि ब्रेकाच्या टाकीत वतलं. मी म्हनलं, ह्ये काय करताव? तर म्हनले, सहदेवदादाचा उपाय हाय. मला काय कळतंय त्यातलं? आज कळलं."

नामा दारू पिऊन होता, हे सगळ्या घाटाला ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं? याच बाकड्यावर, ट्रक पडला त्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, 'प्याला आसंल.' आसंलचं 'हुता' व्हायला दोन दिवस लागले. मग ते पोशीरला पोचलं, पंचांत पोचलं, नामाच्या आईपर्यंत पोचलं. आणि ते पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा सहदेव इथंच बसला होता. त्यानं मान हलवली होती.

त्या दुपारी सहदेवानं वकिलांच्या गाडीचं पुढचं चाक उतरवलं. आतली रबरी वाटी बाहेर काढली तर ती भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली, बोटानं दाबताच तुकडा पडला. वकिलांनी तो तुकडा तळहातावर घेतला. गाडी तिथंच ठेवून ते एस.टी.नं घरी गेले. सोमवारी चारुलता आगगाडीनं आली.

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी रविवारी सकाळी, सहदेव जनीला टॅक्सीत घेऊन पोशीरला गेला. दोन वर्षांत जनीनं सासरच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. नामाची आई गोदूबाई पडवीत सूप घेऊन नवे तांदूळ निवडत बसली होती. सुनेला पाहून तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"कशाला आलीस गं?"

"मी घेऊन आलोय," सहदेव म्हणाला. "नामाचं बोलायचं हाय."

"ह्या घरात त्या बेवड्याचं नाव काडायचं नाय."

"तो प्यालेला नव्हता, गोदूबाय. ब्रेक गेला हुता. माज्या नावाच्या तेलानं गेला." आणि त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. मग मान वर केली. "दोन वर्सां गाव सांगतोय, प्याला हुता. आज तू सांगतोस, नव्हता. तुला कुनी सांगितलं?"

बाकड्यावर एकवीस वर्षांत, कालचा दिवस सोडला तर, हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

"कुनी नाय," सहदेव म्हणाला. "मी बगितलंय. दोरीला धरून जे दरीत उतरले, त्यात मी हुतो. नामाला मीच भायेर काडला. गेर पयला हुता. हातब्रेक वर खेचलेला, शेवटच्या दात्यापत्तुर. दांडा वाकला हुता, इतका खेचलेला. त्याची मूठ त्याच्यावरनं मी सोडवली. तोंडाला दारूचा वास नव्हता." "पिऊन झोपलेला मानूस ह्ये करत नाय. त्यानं गाडी थांबवायला जेवडं करता येतं तेवडं समदं केलं."

जनी खांबाला टेकून खाली बसली. तिला हे ठाऊक नव्हतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू बगितलंस," गोदूबाई म्हणाली. "सोताच्या डोल्यांनी."

"हां."

"मंग तवा का नाय बोललास?"

सहदेवानं वाटेत पुष्कळ जुळवून आणलं होतं. पंचांनी विचारलं नाही, आपलं कोण ऐकणार होतं, तेलाचं तेव्हा ध्यानात आलं नाही. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"समदे म्हनत हुते," तो म्हणाला, "म्हनून मलाबी तसंच वाटाया लागलं."

गोदूबाईनं सूप खाली ठेवलं.

"दोन सरवपित्री झाल्या," ती म्हणाली. "मी समद्यांची पानां वाडली. सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं. त्याचं नाय वाडलं. म्हनलं, बेवड्याला कशाला? उपाशी ठेवला मी त्याला दोन वर्सां."

ती खांबाला धरून उठली. सुपातले तांदूळ तिनं पातेल्यात ओतले आणि पातेलं जनीच्या पुढे धरलं. "धू. आनि भात घाल चुलीवर."

जनी पातेलं घेऊन आत गेली. गोदूबाई परसातून केळीचं पान कापून घेऊन आली आणि ती पण आत गेली. सहदेवाला कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. तो अंगणात उभा राहिला.