फळीवरचे दात

"इथेही," आरोग्य खात्याचे तपासनीस बुशार म्हणाले आणि पिस्तुलासारखं ते यंत्र त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून खाली घेतलं. वहीत आणखी एक फुली पडली. सकाळपासूनची एकोणिसावी. मी मोजत होते.

दारात आमच्या घरमालकीण, दोना इदालिना, ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. "साहेब, या घरात चिमूटभर धूळ दाखवा, मी नाव बदलीन. अख्ख्या फॉल रिव्हर गावाला विचारा."

"धूळ नाही बाई, शिसं. जुन्या रंगातलं."

माझी बेआत्रिस चौदा महिन्यांची. मागच्या आठवड्यात तिच्या रक्तात शिसं निघालं, आकडा बारा; दहाच्या वर विषबाधा धरतात. तेव्हापासून मी घरातली एकेक वस्तू संशयाने न्याहाळत होते. खेळणी, नळ, आईनं दिलेली मातीची वाटी. खिडक्या तेवढ्या डोक्यात आल्या नाहीत. इतक्या पांढऱ्याशुभ्र होत्या त्या.

त्यालाही कारण होतं. ईस्टरनंतर पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट बेटांवरून इथे आलेल्या आमच्या पोर्तुगीज लोकांत सात घरी आठवडा-आठवडा मुक्कामाला जातो. घरं चिठ्ठ्यांनी ठरतात. तेवीस वर्षं कोरी चिठ्ठी उचलल्यावर यंदा दोना इदालिनांचं नाव निघालं. रविवारी मुकुट येणार, मग रोज संध्याकाळी जपमाळेला अख्खा मोहल्ला लोटणार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाईंनी पत्र्याची पट्टी घेतली, तिन्ही मजल्यांच्या खिडक्या खरवडल्या आणि वर रंगाचा हात मारला. माझ्या मजल्यावर शिडी मीच धरली होती. बेआत्रिस माझ्या पायाशी रांगत होती.

"कोरडंच खरवडलंत?" बुशारनी विचारलं.

"मग काय, शाम्पू लावून? एक पापुद्रा ठेवला नाही. वर स्वतः झाडून काढलं."

"तिथंच घोटाळा झाला. झाडूनं ती पूड घरभर केली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातल्या शिडीकडे.

"सहा वर्षांखालचं मूल राहतंय म्हणजे शिसं काढून घेणं मालकाचं काम," बुशार म्हणाले. "परवाना असलेल्या माणसांकडून. तोवर यांची दुसरीकडे सोय, तीही तुम्हीच करायची. भाड्यानं देताना शिशाबद्दलचा कागद सही करून दिला होता?"

"कागद? हिचा बाप नि माझा नवरा एका बेटावरचे, एका गिरणीतले. हिला कागद देऊ? गोड पाव दिला होता. गरम."

"पाव मीही घेतला असता बाई. पण कायद्यात बसत नाही."

हसू मला आलं नाही. लेकरू आहे म्हटल्यावर भाडेकरूला गोडीगुलाबीनं बाहेर काढणारे मालक मी ऐकून होते. आता या काय म्हणतात, तिकडेच माझे कान होते.

झोपायच्या खोलीत बुशार खिडकीच्या फळीशी वाकले. बॅटरीचा उजेड आडवा पाडला तशा नव्या रंगाखाली बारीक खाचा दिसल्या, एका ओळीत. मी बोट फिरवलं. दात! बेआत्रिसला तर चारच दात, आणि इथं दोन्हीकडून पुरती रांग.

"हिचे नव्हेत. जुने आहेत," बुशार म्हणाले. "तो रंग गोडसर लागतो. पोरं खिडकीत उभी राहून चावतात."

"एल्देरचे आहेत," मागून दोना इदालिना म्हणाल्या. "तेव्हा आम्ही या मजल्यावर होतो. इथं उभा राहून बापाची वाट बघायचा."

एल्देर त्यांचा मुलगा, शेहेचाळीस वर्षांचा. सुपरमार्केटच्या आवारातल्या ढकलगाड्या गोळा करतो. घड्याळ अजून नीट वाचता येत नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला नावानं हाक मारतो. लहानपणी पलंगावरून पडला, माझं लक्ष नव्हतं, म्हणून असा राहिला, असं बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. मलाही सांगितलं होतं.

"साहेब, तेव्हाच्या रंगातही होतं?"

"तेव्हा जास्तच."

"आणि त्यानं... पोर मागे राहतं?"

बुशारनी यंत्र बंद केलं. "राहू शकतं. तुमच्या मुलाचं त्यानंच झालं का, ते आता कोणी सांगू शकणार नाही."

बाईंनी मान हलवली. खाली गेल्या. मी बेआत्रिसला उचलून मागोमाग. मुकुटाची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाच्या प्रमुखांना त्यांनी फोन लावला.

"मुकुट दुसऱ्या घरी न्या. नाही हो, ठणठणीत आहे मी. माझ्या घरात सध्या लहान मुलं यायला नकोत." मग पलीकडचं ऐकून, "हो, माझ्याच घरात."

फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "सामान बांध. काम होईपर्यंत माझ्या बहिणीकडे राहायचं. तिचं घर नवं आहे. आणि परत यायचं, कळलं? घर तुझंच आहे वरचं."



तीन वाजता एल्देर कामावरून आला. टेबलावरच्या पावाला त्यानं हात घातला.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्याला त्यांनी नळापाशी नेलं. बेआत्रिससाठी बुशारनी मला सांगितलं होतं, दर खाण्याआधी हात धुवायचे, साबण लावून, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. तसं त्या धूत होत्या, एकेक बोट.

"आई, स्वच्छ आहेत गं."

"असू देत," त्या म्हणाल्या, आणि दुसरा हात पाण्याखाली धरला.