बंद आहे, असं साहेब म्हणाले

घरात वायरिंगचं लायसन्स एकच, आणि ते धाकट्या भावाच्या नावावर. तारा ओढायची ती ताई, बिघाड हुडकायची ती ताई. मेनचा शेवटचा जोड तेवढा नियमाप्रमाणे भाऊ द्यायचा आणि कागदावर सही ठोकायचा. अठरा वर्षं हे असंच. गिऱ्हाईकं त्याला साहेब म्हणत आणि हिला, "बाई, जरा शिडी धरा." भावाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी त्यानंच फॉर्म आणला आणि हात धुऊन तिच्या मागे लागला.

"अरे, चाळिशी उलटली माझी. पोरं हसतील."

"हसू देत. परीक्षा दोन वर्षांतून एकदा येते, ताई. या खेपेला सोडायची नाही."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी भाऊ खिडकीबाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसला. आत भिंतीला दहा फळ्या, प्रत्येकीपुढे एक उमेदवार. दोन तासांत पाच दिवे आणि एक पंखा जोडायचा.

"फळ्यांचा मेन बंद केलाय. करा सुरू," परीक्षक म्हणाले.

नऊ जणांनी पकडी उचलल्या. ताईनं परीक्षेच्या पेटीतला टेस्टर काढला. आधी भिंतीतल्या चालू सॉकेटला लावला, पेटला. मग फळीला लावला, पेटला नाही. एवढ्यावर कुणीही कामाला लागलं असतं. ताई मात्र पुन्हा सॉकेटकडे गेली. ही तिची जुनी खोड. भाऊ चिडवायचाही, "टेस्टरची तब्येत विचारतेस होय?"

आज तो सॉकेटलाही पेटेना.

"साहेब, हा टेस्टर गेला. दुसरा द्या."

"अहो बाई, मेन मी स्वतः बंद केलाय!"

"तुमच्यावर अविश्वास नाही, साहेब. पण हा नेमका कधी गेला ते मला माहीत नाही. मी तारेला हात लावणार नाही."

"वेळ वाढवून मिळणार नाही. नापास व्हाल."

"होईन."

आणि बाई हाताची घडी घालून खुशाल उभी! शिपाई कोठारात गेला तो अर्ध्या तासानं उगवला. ताईनं नव्या टेस्टरनं पुन्हा सगळं तपासलं. फळी खरंच बंद होती. बाहेर भावानं कपाळावर हात मारून घेतला.

मग मात्र तिचे हात असे चालले, की शेजारचा उमेदवार स्वतःचं काम सोडून बघत राहिला. तरी घंटा झाली तेव्हा पाचवा दिवा राहिलाच.

परीक्षकांनी एकेक जोड ओढून पाहिला. एकही हलला नाही.

"एक दिवा राहिला."

"राहिला, साहेब." सबब सांगणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"त्याचे पाच गुण गेले. न तपासता हात घातला त्यांचे वीस गेले." त्यांनी कागदावर सही केली. "पास आहात. हे तीनदा बघणं कुणी शिकवलं?"

ताईनं खिडकीकडे बोट केलं. "धाकट्यानं."

भाऊ ओशाळला. ती बाहेर येताच त्यानं तिला गाठलं. "खोटं का बोललीस गं? मी कधी शिकवलं?"

"शेवटचा जोड तू द्यायचास," ताई म्हणाली, "आणि कधी बघायचा नाहीस. म्हणून तुझा हात पडायच्या आधी मी बघून ठेवायचे."