मनुबियाचा खुबा
हेदीला मातीआड करून दोन महिने झाले नव्हते, तोच त्याची आई मनुबिया अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. बिझर्तच्या इस्पितळात खुब्यात नवा गोळा बसवून तिला घरी आणलं. धाकटा मुलगा रऊफ दूर सफाक्स शहरात नोकरीला. तो खाट आणि वॉकर देऊन परत गेला. घरात उरल्या दोघी, म्हातारी आणि तिची विधवा सून वसीला.

वसीलाची इद्दत, नवऱ्यामागे विधवेने पाळायची मुदत, अजून चालू होती. नवरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सासूच्या पायांमध्ये उशी सारायची, कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, शौचाचं भांडं द्यायचं, शोरबा भरवायचा. हात आपले चालत राहायचे. आपण थकलोय की नाही, हेही तिला कळत नसे.

"उम्मी, उठा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"डॉक्टरच्या बापाला चालव! माझा हेदी कबरीत, मी चालून जाऊ कुठे?"

"संडासापर्यंत तरी."

"जिभेला हाड नाही तुझ्या!"

"तुमच्याकडूनच शिकले."

एरवी अशा बोलण्यावर दोघी हसल्या असत्या. वसीलाने चादर बदलली आणि ती भांडं घेऊन निघून गेली.

असेच दिवस जात राहिले. मग एका सकाळी वसीला उठलीच नाही. ताप नव्हता, काही दुखतही नव्हतं. फक्त उठावंसं वाटेना. पलीकडून म्हातारीने हाक मारली. मग शिव्या घातल्या. बऱ्याच वेळाने फरशीवर वॉकर घासल्याचा आवाज आला.

मनुबिया दारात उभी होती. तोंड पांढरंफटक, पाय लटपटत होते.

"मेलीस की काय, बये?"

"नाही."

"मग बोलायला काय झालं होतं? माझा जीव गेला असता ना!" म्हातारी कशीबशी येऊन पलंगावर टेकली आणि धापा टाकू लागली. वसीला नुसती बघत राहिली. सासू चालली, याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही आला नाही. तिने पाहिलं, म्हातारीचे पाय उघडे होते, गार पडले होते. तिने आपल्या पांघरुणाचं टोक त्यांच्यावर ओढलं.

त्यानंतर म्हातारी रोज चालू लागली. पायापेक्षा तोंड जास्त चालायचं, पण चालायची.

ईदला रऊफ आला. "वहिनी, आता उम्मीला मी घेऊन जातो. खूप केलंत तुम्ही. सुटका झाली तुमची."

मनुबिया एरवी बोलल्याशिवाय राहायची नाही. आज मात्र मान खाली घालून वॉकरची मूठ चोळत राहिली.

"राहू द्या त्यांना," वसीला म्हणाली.

"का? तुम्हाला त्रास..."

"माझी काही तक्रार नाही. राहू द्या," एवढंच ती पुन्हा म्हणाली आणि पाव गरम करायला स्वयंपाकघरात गेली.