खराब ठरलेला वॉटर ब्लॉक

मित्रांनो, मी एक जुना वॉटर ब्लॉक. नावाला घाबरू नका. संगणकाच्या प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा मी तांब्याचा चौकोनी ठोकळा आहे. माझ्या पोटातल्या बारीक पट्ट्यांमधून पाणी फिरतं, प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरमध्ये गार होऊन परत येतं. तापलेल्या डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी, तसं माझं काम.

मला निवडलं एका निवृत्त पाइप फिटरने. त्यांच्या मुलीने दोन वर्षं एकेक चित्र काढून स्पर्धेसाठी ॲनिमेशनपट रचत आणला होता. शेवटी तो पूर्ण तयार करायला संगणक सलग तीन दिवस चालायला हवा होता, आणि तो तर तासाभरातच तापून बंद पडायचा. मुदत दोन महिन्यांवर आली होती. बाबांनी दुकानातले सगळे ब्लॉक तळहातावर तोलले, नखाने वाजवून पाहिले. रंगीत दिवेवाले बाजूला सारले. "नुसता भपका!" म्हणाले आणि मला उचललं. मला केवढा अभिमान वाटला!

दुकानदाराने विचारलं, "काका, रेडिएटर कुठल्या धातूचा आहे?"

"चाळीस वर्षं पाइप जोडलेत मी. मला नका शिकवू, हा बांधून द्या."

घरी एका जुन्या मोटारीतला ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्यांनी घासूनपुसून ठेवला होता. तो पाहून मला धडकीच भरली. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम सुखाने नांदत नाहीत. ॲल्युमिनियम झिजत जातं. पण सांगणार कोणाला? बाबांनी नळ्या जोडल्या, एक थेंब गळला नाही. "बाबा, तुमच्या हाताला तोड नाही," मुलगी म्हणाली.

महिनाभर सगळं आलबेल होतं; मुलगी उरलेली चित्रं पूर्ण करत होती. मग पांढरा गाळ माझ्या पट्ट्यांत साचू लागला. पाणी अडखळायचं, प्रोसेसर तापायचा आणि मी नुसता बघत राहायचो. अखेरच्या तीन दिवसांतल्या दुसऱ्या दुपारी संगणक बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मुदत टळली.

तिने मला उघडलं. बोटाला गाळ लागला. तिने रेडिएटरच्या आतही पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मागे बाबा उभे होते.

"माझं काही चुकलं का गं?"

तिने बोट पटकन पुसलं. "छे हो बाबा! हा ब्लॉकच खराब निघाला."

"तरी मला वाटलंच," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैलावला. त्या क्षणी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आता मी खोक्यात पडून आहे. पुढची स्पर्धा सहा महिन्यांवर आहे आणि बाबा आज नवा ब्लॉक निवडायला निघालेत. रेडिएटर तोच, पुन्हा घासून ठेवलेला. मुलगी दारात उभी आहे. काहीतरी बोलायला जाते आणि गप्प होते.

मित्रांनो, मला वाचा नाही, माझा नाइलाज आहे. तुमचा नाही. वेळेवर बोलत जा.