बार्शीवाल्याची बोली

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कडूबा गावंडेच्या जुन्या जीपवर अठ्ठेचाळीस हजारांची बोली लागली. बोली जाफराबादच्या स्टॅण्डसमोर, सत्यशीलाच्या इंटरनेटच्या दुकानात लागली आणि ती लावणारा माणूस कडूबाच्या बायकोच्या पाठीमागेच उभा होता.

द्वारकाबाईनं मान वळवली. मागे तातेराव. धावड्यातला चांगला बागायतदार, घरापासून चौथं घर. मिशीवरून बोट फिरवत होता.

"भाऊजी, तुम्ही लावली?"

"मंग? आपल्या गावची गाडी बेचाळीस हजारात जाऊ द्यायची? लोक म्हणतील, धावड्यात माणसं राह्यली न्हाईत."

ही गाडी गावाबाहेर जावी म्हणून तिनं दोन महिने जिवाचा आटापिटा केला होता.

साल २००७. धावडा ते जाफराबाद अशी कडूबाची जीप एकोणीस वर्षं चालत होती. त्याला आधी कडेचं दिसेना, मग पुढचंही धूसर झालं. जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही आणि गाडी आजपासून बंद, हेही सांगितलं. कडूबानं मान डोलावली, दवाखान्याबाहेर आला आणि जीप चालवत घरी गेला. पुढच्या आठवड्यात वाटेत उभ्या असलेल्या एका म्हशीपाशी त्यानं ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "या बाई, पुढं जागा हाये." द्वारकाबाई तेव्हा मागच्या बाकावर होती. म्हैस आली नाही तेव्हा कडूबा पुटपुटला, "चालत जायचंय तर हात कशाला करता?"

त्या रात्री द्वारकाबाईनं भांडून त्याच्याकडून वचन घेतलं. गाडी विकली गेली की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कडूबानं कुलदैवताची आण घेतली, पण अट घातली. गाडी दलालाला द्यायची नाही, ओळखीच्यालाही नाही. आलाच कोणी परका, तर बघू. परका माणूस धावड्याला जीप घ्यायला कशाला येतोय, हा त्याचा हिशोब. द्वारकाबाईचा हिशोब उलटा होता. गाडी जवळपास कोणाकडे गेली तर अट आणि आण दोन्ही विसरून हा माणूस तिच्यावर रोजानं ड्रायव्हर म्हणून जाईल, हे ती ओळखून होती. म्हणून तिनं सत्यशीलाला गाठलं. सत्यशीला म्हणाली, "मावशी, कंपुटरवर हर्रास लावू. कुठल्याही गावचा माणूस बोली लावतो. कडूबाकाका नाही म्हणूच शकणार नाहीत."

हर्रास म्हणजे लिलाव, हे धावड्यात लहान पोरालाही कळतं. सप्ताह संपला की देवळापुढं नारळाची हर्रास होते. पाच रुपयांचा नारळ हजारांत जातो. ज्यानं जास्त बोली लावली त्याचं नाव वर्षभर निघतं. तातेरावानं एका साली अकरा हजारांना घेतलेला नारळ अजून त्याच्या ओसरीत टांगलेला आहे, आतलं खोबरं कधीच वाळून वाजायला लागलंय. हर्रास कमी पैशात तुटली तर कमीपणा देवाला नाही, गावाला येतो.

तेव्हा कडूबाची जीप हर्रासला लागली हे कळल्यावर गाव घरात बसणं शक्य नव्हतं. मंगळवारी शेवटच्या दिवशी तेरा माणसं जाफराबादला आली. आली तीसुद्धा त्याच जीपमधून. कडूबा त्यांना उतरवून स्टॅण्डवर भाड्याची वाट बघत बसला. दुकानात यायची त्याला गरज वाटली नाही.

सत्यशीलानं प्रत्येकाचं खातं उघडून दिलं आणि प्रत्येकाला बजावलं. "दादा, बोली लावली की गाडी घ्यावी लागते बरं."

"नारळ न्हाई का घेत?" पुंजाराम म्हणाला.

पडद्यावर बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नव्हतं, फक्त खातं जिथलं ते गाव. सातवी शिकलेली द्वारकाबाई ओठ हलवत वाचत होती. जाफराबाद. जाफराबाद. बार्शी. जाफराबाद. बार्शी.

"हा बार्शीवाला कोण गं?"

"माहीत नाही, मावशी. सकाळपासून तोच एक बाहेरचा आहे. त्यानं विचारलंही होतं, फोटोत एकवीस माणसं दिसतात, जीप कुठाय म्हणून."

फोटो काढायचं ठरलं तेव्हा गाव जीपवर चढलं होतं. टपावर सात. बोनेटवर दोन. स्टिअरिंगवर इस्त्रीच्या शर्टात कडूबा, कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला बघून हसणारा.

बार्शी पन्नास. शिवाजीनं, म्हणजे द्वारकाबाईच्या सख्ख्या धाकट्या भावानं, एक्कावन्न लावले.

"शिवा! तू सुदिक?"

"ताई, दाजीची गाडी हाये. मी गप बसलो तर भाचे तोंडावर थुंकतील."

बार्शी बावन्न. पुंजाराम त्रेपन्न. तातेरावानं त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्याला बांध कोरताना पकडलंय. पंचावन्न! दुकानात टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. बाहेर रसवंतीवाला यंत्र बंद करून दारात येऊन उभा राहिला आणि खातं उघडायला किती लागतात म्हणून विचारू लागला. बार्शी छप्पन्न. शिवाजी सत्तावन्न. बार्शी अठ्ठावन्न.

"हटत न्हाई बे हा बार्शीवाला!"

"त्याच्या गावातबी देऊळ असंल."

"साठ!" तातेराव गरजला. माऊस सत्यशीलाच्या हातात होता, तरी त्यानं स्वतःचा हात टेबलावर आपटला. साठ झाले. बार्शी गप्प झाली.

पाचला हर्रास बंद होणार होती. पडद्याच्या कोपऱ्यात पावणेपाच झालेले. द्वारकाबाईला दिसलं ते असं. तातेरावाच्या वाड्यापुढं जीप उभी आहे, सकाळी सातला नवरा शर्ट घालून निघालाय आणि म्हणतोय, विकली की, आता मी नोकर माणूस. ती उठून उभी राहिली.

"ऐका सगळे. पंखा बंद कर गं सत्यशीला. ह्यांना दिसत न्हाई."

सत्यशीलानं पंखा बंद केला.

"काचबिंदू हाये. डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली. दोन महिन्यांमागं ह्यांनी म्हशीला शीट दिली. मला कुणाला सांगायचं नव्हतं, पण आता तुमच्या पाया पडते, ही गाडी दूर जाऊ द्या."

पुंजारामनं खाकरून घसा साफ केला.

"काकू, ती म्हैस माझीच व्हती."

"आं?"

"मी तिच्या पल्याड उभा होतो. काकांनी एवढं मानानं बोलावलं, मलाच वाटलं तिला बसवावं."

एक जण हसला, मग आख्खं दुकान हसलं. द्वारकाबाईला काही उमजेना.

"वहिनी, आम्हाला साऱ्यांना दिवाळीपासून ठाऊक हाये," तातेराव म्हणाला. "पुढच्या शीटवर आमची पाळी लागती. सोमवारी मी, मंगळवारी शिवाजी. तुम्हाला काय वाटलं, हवा खायला बसतो?"

"मंग काय करता तिथं?"

"पीकपाणी बोलतो. मी म्हणलं, कडूबादादा, डाव्या हाताला तूर लई भारी आली, की दादा गाडी डावीकडं घेतो. उजव्या अंगाची कपाशी चांगली म्हणलं की उजवीकडं. लई वाईट वळण असलं की म्हणायचं, औंदा गारपिटीनं वाटोळं झालं."

"आन् ब्रेक?"

"राम राम घालायचा. समोर कुणी नसलं तरी. दादा थांबून राम राम घेतोच."

गेले चार महिने घरी आल्यावर नवरा सांगायचा, लोकांना शेतीची काय गोडी लागली बघ, दिवसभर दुसरा विषय न्हाई.

"आरं, पण मंग कुणी सांगितलं का न्हाई त्यांना?"

तातेरावानं मिशीवरचं बोट खाली घेतलं. "माझ्या आईला दोनदा जालन्याला नेलं त्यानं, वहिनी. पैसे घेतले न्हाईत. त्याला मी म्हणू, उतर खाली?"

पडद्यावर साठ तसेच होते आणि घड्याळ पाचाकडे सरकत होतं. तिनं पदर खोचला.

"ठीक हाये. गाडी गावात राहू द्या. पण आजपासून पाळ्या बंद. जो हर्रास घेईल, मालक तो. पुढच्या शीटवर रोज त्यानंच बसायचं. एकट्यानं. जातानाबी आन् येतानाबी. बारा महिने."

शिवाजीचा हात खिशातून बाहेर आला आणि परत आत गेला. पुंजाराम दोन पावलं मागे सरकला, ते थेट रसवंतीवाल्याच्या पायावर. आठवड्याला एकदा बसणं वेगळं. एकदा बसून आलं की माणूस दोन दिवस देवाचं नाव घेत असे.

सगळ्यांच्या नजरा तातेरावावर गेल्या. साठ हजार त्याचेच होते.

"सत्यशीलाबाई," तातेराव बारीक आवाजात म्हणाला, "आपली बोली परत घेता येती का?"

"नाही, दादा."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

तातेरावाच्या कपाळावर घाम आला. "मंग बार्शीवाल्याला फोन लावा! कुठं मेला त्यो?"

"नंबर नसतो दादा, आधी."

पाचला सहा मिनिटं. "लाव रे बाबा," तातेराव पडद्याला म्हणाला. पाचला चार. पुंजाराम हात जोडून उभा. मग कोणी सुरुवात केली कळलं नाही, पण तेरा माणसं, रसवंतीवाला आणि बाहेरचे चार बघे एका सुरात ओरडायला लागले, "बार्शी! बार्शी!" द्वारकाबाईही ओरडत होती. स्टॅण्डवरच्या एसटीतून लोक डोकी काढून बघू लागले.

पाचला एक मिनिट असताना आकडा हलला. एकसष्ट हजार. बार्शी.

तातेरावानं रसवंतीवाल्याला उचललं. पुंजारामनं सत्यशीलाच्या टेबलावरचा चहासाठी आणलेला साखरेचा पुडा फोडला आणि सगळ्यांच्या तोंडात मुठीमुठीनं साखर कोंबली. द्वारकाबाई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. पाच वाजले. पडद्यावर 'विक्री झाली' आलं.

आवाज ऐकून कडूबा दारात आला. चौकट चाचपत उभा राहिला.

"काय झालं? कोण जिंकलं?"

"बार्शी!" सगळे ओरडले.

"कुस्ती हाये का?"

"गाडी गेली तुमची," द्वारकाबाई म्हणाली. "बार्शीला."

कडूबा हळूच म्हणाला, "बार्शीचा रस्ता चांगला हाये."

त्याचा अर्थ तिला बुधवारी कळला. बार्शीवाल्यानं घरी फोन केला. माणूस बोलायला गोड. म्हणाला, जाहिरातीत 'एकाच हातानं चाललेली गाडी, मालक स्वतः चालक' वाचून तर मी बोली लावली. आता मध्ये दुसऱ्याचा हात नको, मालकानंच आणून द्यावी, पैसे तिथं रोख मिळतील.

"आण घेतलीय तुम्ही," द्वारकाबाई म्हणाली.

"विकली गेल्यावर, असं म्हणलो होतो. पैसे कुठं आलेत हातात? अजून गाडी माझीच."

दोन दिवस चूल धुमसत राहिली. शेवटी शिवाजी मध्ये पडला. त्याच्याकडं ट्रॅक्टरचा हात होता आणि लायसनही. गाडी तो चालवणार, दाजी नुसते शेजारी बसणार. द्वारकाबाईनं त्याला आईची शपथ घ्यायला लावली. रविवारी पहाटे जीप निघाली तेव्हा शिवाजीच स्टिअरिंगवर होता, हे तिनं कंदील जवळ नेऊन बघितलं. मागं तातेराव, पुंजाराम आणि आणखी नऊ जण. बार्शीवाला कसा दिसतो हे सगळ्यांनाच बघायचं होतं.

अकराच्या सुमाराला घरचा फोन वाजला. शिवाजी होता.

"ताई, अंतरवाली सराटीला चहा घेऊन राह्यलो. समदं बराबर हाये. काळजी करू नको."

"तुझे दाजी कुठायत?"

"हे काय, इथंच."

मागून चौकातला गलका ऐकू येत होता, कपबशांचा आवाज येत होता. मग एक इंजिन घरघरलं, दोनदा खोकलं आणि सुरू झालं. एकोणीस वर्षं तिनं ते अंगणात ऐकलं होतं. आणि तातेरावाचा मोठ्ठा आवाज आला, "व्वा दादा! उजव्या हाताला कपाशी काय भारी हाये!"

"शिवा," द्वारकाबाई म्हणाली, "तू फोनवर हायेस ना रे?"

"हाव की."

"मंग गाडी कोण चालू करून राह्यलं?"

पलीकडून "ओ दाजी! ओ दाजी, थांबा!" एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. तिनं सात वेळा लावून बघितला. दर वेळी बाई सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही.

रविवारी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत बार्शीहून फोन आलेला नव्हता.