वार्निश लावलेल्या लोंब्या

शांभवीच्या वर्गात पेंग्विन बर्फात राहत होता, उंट वाळवंटात आणि चिमणी तक्त्यावर. तंजावूरच्या त्या मराठी बालवर्गातली पाच वर्षांची पोरं प्राण्यांची घरं घडाघडा म्हणत. शांभवी मिसचा त्यात हातखंडाच होता!

घरी मात्र तिचे सासरे शेषगिरी रोज सकाळी फिल्टर कापीचा टंबलर घेऊन दारात बसत आणि वर बघत राहत. दरवर्षी पोंगलला, म्हणजे संक्रांतीच्या सुगीला, ते पापनाशमच्या शेतातून भाताच्या लोंब्या आणत, त्यांचा वेणीसारखा झुबका विणत आणि तो चिमण्यांसाठी चौकटीला टांगत. जयलक्ष्मीबाई, त्यांची बायको, असताना दोघं मिळून विणायची. बाई गेल्या, मग सकाळी बोलायला चिमण्याच उरल्या होत्या. आता त्याही येईनाशा झाल्या. लोंब्या मात्र होत्या तशा भरगच्च, चकचकीत.

"त्या टॉवरानं घात केला बघ," शेषगिरी गल्लीतल्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवून म्हणत. "नाहीतर दारातलं धान्य सोडून कोण जाईल?"

शांभवी खाली बघून झाडत राहायची. टॉवर बिचारा फुकट शिव्या खात होता, हे तिला ठाऊक होतं. पोंगलनंतर मामंजी दोन दिवस कुंभकोणमला लेकीकडे गेले, तेव्हा तिनेच त्या झुबक्याला वार्निशचे दोन हात दिले होते. रोज फोलपटं पडून दारातला कोलम, तांदळाच्या पिठाची ती रांगोळी, खराब होई, झाडून झाडून कंबर मोडे. शिवाय येणारा-जाणारा म्हणे, काय सुरेख दिसतंय! मामंजींची नजर अधू. त्यांना कळलंच नाही.

शनिवारी पालकांसमोर तिचा धडा होता. वर्ग खच्चून भरला होता.

"चिमणी कुठे राहते?"

"घरट्यात!" पोरं एका सुरात ओरडली. टाळ्या पडल्या.

"शाब्बास! आणि चिमणी खरीखुरी कुणी पाहिली?"

सगळे तक्त्याकडे बघू लागले. एकच हात वर आला. शेजारच्या घरातली साईप्रिया होती ती. मराठी सगळं कळायचं तिला, पण बोलायची तमिळमध्येच.

"तुमच्या दारात पाहिली, मिस. ती टोचते, टोचते, पण दाणा निघतच नाही. मग उपाशीच जाते. आता येत नाही."

पालक हसले. शांभवीला मात्र हसू आलं नाही. पुढचा धडा तिने कसाबसा उरकला.

घरी आल्यावर ती तडक मामंजींच्या पायाशी बसली.

"मामंजी, टॉवर नव्हे. घात मी केला. लोंब्यांना मी वार्निश लावलं."

शेषगिरींनी हात वर करून झुबका चाचपला. दाणा नखाने खरवडून पाहिला.

"म्हणजे येत होती की गं ती!" ते म्हणाले. "मी आठ महिने समजत होतो, चिमण्याच संपल्या. ती येऊन उपाशी परत जात होती!"

शांभवीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नकोस. पण एक सांग, पेंग्विनाचं घर तुझ्या पोरांस तोंडपाठ आहे, त्याचा पेंग्विनास काय उपयोग? घर म्हणजे चित्र होय काय? जिथं दोन दाणे मिळतात आणि कोणी हाकलत नाही, ते घर. ते आपल्या दारात असेल तरच पोरं शिकतील. नाहीतर नुसती पोपटपंची."

सोमवारी तक्ता भिंतीवरच राहिला. पापनाशमकडे कुरुवै या लवकर येणाऱ्या भाताची कापणी चालू होती. शांभवीने पिशवीभर लोंब्या आणल्या. शेषगिरी पोरांच्या मधोमध बसून विणायला शिकवू लागले. अर्ध्या लोंब्या तुटल्या, साईप्रियाचा झुबका तर वेणीपेक्षा केरसुणीसारखा दिसत होता. तरी प्रत्येक पोर आपला झुबका मिरवत घरी घेऊन गेलं.

शेषगिरींच्या दारातही नवा झुबका लागला. एक दिवस गेला, आठ गेले, पंधरा गेले. चिमणी आली नाही. एकदा फसवलेला पाहुणा लगेच कसा परत येईल? म्हातारा रोज वर बघायचा आणि आता शेजारी शांभवीही बसायची. इतक्या छोट्या जिवाची इतकी वाट तिने कधी पाहिली नव्हती.

विसाव्या सकाळी ती झाडू घेऊन दार उघडते तो काय! कालच्या कोलमावर चार-पाच फोलपटं पडली होती.

"मामंजी! मामंजी, लवकर या!"

ते धडपडत आले, वाकले, एक फोलपट बोटावर घेतलं आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

वाचकहो, आपल्या मुलांना जगभरातल्या प्राण्यांची घरं जरूर शिकवू या. पण त्याआधी आपल्या दारातून कुणाचं घर उठलं, ते एकदा बघू या. दाराची शोभा थोडी बिघडली तर बिघडू दे. शांभवीने त्या दिवशी झाडू कोपऱ्यात ठेवून दिला आणि कोलम तसाच राहू दिला.