काशाच्या वाटीचा गुण

ठमाबाईच्या तळपायाची आग अख्ख्या शेळगावाला ठाऊक होती, कारण ठमाबाईनं ती कुणापासून लपवलीच नव्हती. "जळलं मेलं ते पाय, तोडून टाकावंसं वाटत्यात," असं ती येताजाता म्हणायची आणि म्हणता म्हणता मिरचीची पाटी उचलून गाडीत चढवायची. बाई कामाला वाघ होती, पण रात्री अंथरुणाला पाय टेकवत नव्हते.

दुसऱ्या निवडणुकीच्या वर्षी बारामतीच्या डॉक्टरांनी तिची लघवी निळ्या औषधात उकळून दाखवली. ती विटकरी झाली. "साखरेचा रोग आहे, बाई. आग होते ती त्यामुळंच," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दर गुरुवारी बाजार उरकला की ठमाबाई दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायची, तांबडं इंजेक्शन घ्यायची आणि आठवडाभर डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायची.

त्या ओट्यावरच तिची महिपतरावांशी गाठ पडली. कोऱ्हाळे बुद्रुकचे ऊसवाले, देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा, आणि रोग तोच.

"आक्का, तुमाला मुंग्या आधी आल्या का आग आधी?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मुंग्या. मग टाचण्या, मग आग. तुमाला?"

"मला गादीवर चालल्यागत वाटतंय, आन् रात्री निखाऱ्यावर."

झालं! भाऊ-बहीण लागून गेले दोघं. कुणी काय सांगितलं, कशानं किती घटका उतार पडला, याचा दर गुरुवारी पाढा वाचला जायचा. एरंडाची पानं बांधून बघितली, दोघांनाही गुण नाही. मेंदी लावली, तर ठमाबाईला दोन रात्री झोप लागली. महिपतरावांच्या रंगलेल्या पायांना मात्र गावानं नवरी म्हणून चिडवलं. पाटाच्या पाण्यात उभं राहिलं की बरं वाटतं, हे दोघांनाही पटलं. "पाण्याची पाळी माझी नसली तरी मीच दारं धरतुया," महिपतराव सांगायचे आणि सगळा ओटा हसायचा.

"माझं ऐका, तात्या," एकदा पौषात ठमाबाई म्हणाली, "काशाच्या वाटीनं तळवं घासा. तूप लावून. माझी सून म्हाळसा रोज सांजच्याला घासती. तूप काळं पडतं बघा, ती आतली उष्णता."

"घासलं की! आमच्या वाटीला गुणच न्हाय."

ठमाबाईला त्यांचा सुजका चेहरा बघवेना. पुढच्या गुरुवारी तिनं पदराआडून आपली वाटी काढली. तिच्या आईची वाटी, माहेराहून आलेली, घासून घासून बुडाशी पातळ झालेली. "न्या. बरं वाटलं की आणून द्या," ती म्हणाली. घरी म्हाळसा चार दिवस नीट बोलली नाही.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते हसले. "काळं येतं ते वाटीचं, पायातलं नव्हे. घासा हवं तर, पण इंजेक्शन सोडू नका. आणि आग एकदम थांबली तर आधी मला येऊन सांगा. दोघांनीही." ठमाबाईनं मान डोलावली. मनात म्हणाली, म्हणजे गुण याच्या सुईचा म्हणायचा होय!

चैत्रात महिपतराव आले ते लांबूनच हाक मारत. "आक्का, आग गेली! पार गेली! पंधरा दिस झालं, पोरावानी झोपतुया!"

ठमाबाई उठून उभी राहिली. त्यांच्या पायांकडं बघून तिला हसूच फुटलं. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी.

"तात्या, दुसरी चप्पल कुठं हाय?"

महिपतरावांनी खाली बघितलं. "आँ? पडली वाटतं बाजारात." मग स्वतःच असे हसले की ओट्यावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डॉक्टरला सांगा की," ठमाबाई म्हणाली.

"त्याला कशाला? त्याची सुई तर मी महिन्यामागंच सोडली. गुण तुमच्या वाटीचा!"

आणि ठमाबाई, खरं सांगायचं तर, फुलून गेली. तिनंही आत जाऊन काही सांगितलं नाही. वाटी आणखी थोडे दिवस ठेवा, म्हणाली.

त्यानंतर महिपतराव आले नाहीत. ज्येष्ठातल्या एका गुरुवारी पांढऱ्या कपाळाची एक बाई ओट्याशी येऊन उभी राहिली. "शेळगावच्या ठमाआक्का तुमीच का? मी फुलाबाई. कोऱ्हाळ्याची."

ठमाबाईनं तिच्या कपाळाकडं बघितलं आणि सरकून तिला ओट्यावर जागा करून दिली.

तोडलेल्या उसाच्या रानात महिपतराव अनवाणी हिंडत होते. बुडख्याचा टोकदार तुकडा तळव्यात घुसला. चार दिवस तो पायात तसाच होता आणि त्यांना पत्ता नव्हता. घरात वास सुटला तेव्हा फुलाबाईनं पाय उचलून बघितला. पुण्याला नेलं, गुडघ्याखाली पाय कापला, पण विष वर चढलं होतं.

फुलाबाईनं फडक्यात बांधलेली वाटी ठमाबाईच्या ओटीत ठेवली. "शेवटापातूर तुमचं नाव घेत हुते. आक्कानं माझी आग घेतली म्हणायचे. लई उपकार झालं तुमचं." आणि ती वाकून ठमाबाईच्या पाया पडली.

ठमाबाईला ओरडून सांगायचं होतं, नको गं बाई, माझ्या पाया पडू नको. तिनं फक्त तिला खांद्याला धरून उठवलं. फुलाबाई गेल्यावर ती आत गेली आणि डॉक्टरांना पहिल्यांदाच नीट विचारलं, "आग थांबली की चांगलं न्हाय व्हय?"

"उपचारानं हळूहळू उतरली तर चांगलं," डॉक्टर म्हणाले. "पण आग गेली आणि पायाला काही कळेनासंच झालं, तर शीर मेली म्हणायची. म्हणून तर सांगितलं होतं."

ती घरी आली तेव्हा दिवस मावळत होता. वाटी परत आलेली बघून म्हाळसा हरखली. वाटी दिल्याचा राग विसरून तूप घेऊन बसली. "आत्याबाई, द्या पाय."

ठमाबाईनं पाय पसरले. डाव्या तळव्याला वाटी लागली तशी ती कळवळली. मग म्हाळसानं उजवा पाय मांडीवर घेतला. तो पाय चार दिवसांपासून निवला होता. ठमाबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. आनंदाची गोष्ट म्हणून मनात ठेवली होती.

"जोरानं घास," ती म्हणाली.

"घासतीया की."

"आणखी जोरानं."

"आत्याबाई, कातडं निघंल!"

वाटी उजव्या तळव्यावर गरागरा फिरत होती. ते ठमाबाईला फक्त दिसत होतं. तिनं म्हाळसाचा हात धरून थांबवला. मग जळणारा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पोटाशी घट्ट धरला आणि ती रडायला लागली.